आवाज का फाटतोय?

शुक्रवार, 12 सप्टेंबर 2008. तुम्ही लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर, एचएमव्हीच्या दारात उभे आहात. समोरून जाणाऱ्या अर्ध्याअधिक लोकांच्या कानांत आयपॉडच्या पांढऱ्या वायरी आहेत. स्पॉटिफाय सुरू व्हायला अजून साडेतीन आठवडे आहेत. गाणं हवं असेल तर आयट्यून्सवर पैसे भरायचे, कुठून तरी फुकट उतरवायचं, नाहीतर दुकान गाठायचं. तुम्ही दुकान गाठलं आहे, कारण आज मेटॅलिका या मेटल बँडचा नवा अल्बम, ‘डेथ मॅग्नेटिक’, आलाय. ब्रिटनमध्ये नवे अल्बम सोमवारी येतात, अमेरिकेत मंगळवारी. हा मात्र जगभर एकाच दिवशी, शुक्रवारी आलाय.

आजच्या दिवसापुरतं तुमचं वय पस्तिशीचं आहे. 1991 मध्ये त्या काळ्या कव्हरच्या अल्बमची कॅसेट तुम्ही फीत झिजेपर्यंत ऐकली होती. 1996 मध्ये त्यांनी केस कापले आणि गाण्यांचा वेग उतरला, तेही तुम्ही सोसलं. 2000 मध्ये ड्रमर लार्स उलरिक, गाणी एकमेकांना फुकट पाठवायची सोय देणाऱ्या नॅपस्टरच्या दारात तीन लाखांहून जास्त वापरकर्त्यांच्या नावांची यादी घेऊन गेला, तेव्हा आपल्याच बँडने आपल्याला चोर ठरवल्यासारखं तुम्हाला वाटलं. मग 2003 आलं. ‘सेंट अँगर’मध्ये गिटारचा एकही सोलो नव्हता आणि स्नेअर ड्रम पत्र्याचा डबा बडवल्यासारखा टणटणत होता. तुम्ही तो अल्बम तीन-चारदा लावला आणि कपाटात मागे सारला. त्यानंतरची पाच वर्षं तुम्ही वाट बघितली आहे.

आत शिरा. डाव्या हाताच्या भिंतीवर ओळीने मांडलेल्या सीड्यांवर पांढुरका, चंदेरी रंग दिसतो. मधोमध शवपेटीच्या आकाराचा खड्डा आहे. चुंबकाभोवती लोखंडाचा कीस जसा रेघारेघांनी उभा राहतो, तशी त्याच्याभोवती माती उभी राहिली आहे. वर बँडचं नाव, पहिल्या आणि शेवटच्या अक्षरांची टोकं भाल्यासारखी बाहेर काढलेली. हा जुना लोगो आहे, ऐंशीच्या दशकातला. बँडने तो कधीच मोडीत काढला होता. तो परत आलेला बघून तुमच्या छातीत जे होतं, ते शेजारी उभ्या असलेल्या दाढीवाल्या माणसाच्या चेहऱ्यावरही दिसतं. तो काही बोलत नाही, दोन प्रती उचलतो आणि काउंटरकडे निघतो.

सीडी उघडा. पुस्तिकेच्या पानांना शवपेटीच्या आकाराचं भोक पाडलेलं आहे आणि पान उलटलं की भोक आणखी खोल जातं. बोट घालून बघा, कागदाच्या कडा बोटाला लागतात. टर्नर डकवर्थ या डिझाइन कंपनीचं हे काम आहे. एवढ्या मेहनतीने काढलेली वस्तू हातात आली की आतलं गाणंही तितक्याच मेहनतीने केलेलं असणार, असं मन आपोआप धरून चालतं.

तसं धरायला कारणंही आहेत. 1991 पासून 2003 पर्यंत बॉब रॉक हा त्यांचा निर्माता होता. या वेळी त्यांनी रिक रुबिनला आणलं. रुबिनने चौघांना सांगितलं की तुम्ही मेटॅलिका नाही असं समजा, तुमचं नाव कोणाला ठाऊक नाही आणि एका स्पर्धेत तुम्हाला छाप पाडायची आहे. स्टुडिओत पाऊल टाकण्याआधी गाणी पाठ हवीत, असा त्याचा आग्रह होता. गायक आणि गिटारवादक जेम्स हेटफिल्ड 45 वर्षांचा, गिटारवादक कर्क हॅमेट 45 चा, उलरिक 44 चा. 25 वर्षं एकत्र काढलेल्या माणसांना पुन्हा नवशिक्याच्या भुकेने वाजवायला सांगणं सोपं नसतं. बेसवर रॉबर्ट त्रुहियो आहे, बँडसोबतचा त्याचा हा पहिलाच स्टुडिओ अल्बम.

आता घरी या. तुमच्या एका मित्राचा ईस्ट लंडनमधला छोटा फ्लॅट आहे. गालिच्यावर पिझ्झाचे खोके, टीव्हीखाली एक्सबॉक्स 360, कोपऱ्यात भिंतीला टेकवलेली प्लास्टिकची गिटार. तिच्याकडे आत्ता लक्ष देऊ नका, तिची वेळ यायची आहे. सीडी लावा.

पहिल्या गाण्याच्या सुरुवातीला हृदयाचे ठोके ऐकू येतात. त्यावर गिटार, शांत, जराशी संशयी. मग ड्रम्स येतात आणि सगळा बँड एकदम अंगावर येतो. तुम्ही उठून उभे राहता. वेग आहे. रिफवर रिफ रचलेले आहेत, गाणं वळणं घेतं, थांबतं, पुन्हा उसळतं. आणि सोलो आहेत! हॅमेटला पाच वर्षं बांधून ठेवलेलं असावं अशा आवेगाने तो वाजवतो. मित्र तुमच्याकडे बघून हसतो. चौथं गाणं, ‘द डे दॅट नेव्हर कम्स’, ऑगस्टमध्येच आलं होतं, ते तुम्हाला तोंडपाठ आहे. पाचवं, ‘ऑल नाइटमेअर लाँग’, ऐकताना तुम्ही सोफ्याच्या हातावर ताल धरता. नवव्या क्रमांकावर दहा मिनिटांना जेमतेम तीन सेकंद कमी असलेली, शब्दांशिवायची रचना आहे. असलं काही त्यांनी 1988 नंतर केलेलंच नाही. दहा गाणी, जवळपास सव्वा तास. अल्बम संपतो तेव्हा तुम्हाला भरून आलेलं असतं. ते परत आलेत.

आणि तुमचं डोकं दुखतंय.

हे तुम्ही आधी कबूल करत नाही. आवाज मोठा होता म्हणून असेल, असं म्हणून आवाज कमी करून पुन्हा लावता. कमी आवाजातही तेच. चौथ्या गाण्याच्या शेवटी, जिथे दोन्ही गिटार आणि ड्रम्स धावत सुटतात, तिथे प्रत्येक ठोक्याबरोबर चरचर ऐकू येते. स्पीकर फाटलाय का? मित्र दुसरी सीडी लावतो, 1986 चा ‘मास्टर ऑफ पपेट्स’. स्वच्छ. स्पीकर ठीक आहे. पुन्हा नवी सीडी. चरचर. तुम्ही हेडफोन लावता. स्नेअरचा ठोका येतो, पण तो कशावर तरी आपटतो आणि चपटा होऊन पसरतो. गिटार आणि ड्रम्स यांच्यात जी मोकळी जागा असायला हवी, ती नाहीच. आवाज फाटतोय, आणि तो सीडीतच फाटलेला आहे.

हे कसं झालं, ते इथे थांबून समजून घ्या, कारण पुढचे कित्येक आठवडे तुमच्यासारखे हजारो लोक याच प्रश्नात डोकं घालणार आहेत. सीडीवर आवाज आकड्यांत लिहिलेला असतो. सेकंदाला 44,100 आकडे, आणि त्यातला एकही 32,767 च्या वर जाऊ शकत नाही. ते छत आहे. ड्रमचा ठोका क्षणभर खूप उंच जातो, बाकीचा आवाज त्याच्या खूप खाली असतो. म्हणून ठोका छताला टेकवला की बाकी संगीत साहजिकच हळू राहतं. आता ते संगीत मोठं करायचं असेल तर ठोक्याची उंची कमी करायला हवी. लिमिटर हे यंत्र तेच करतं, उंच टोकं दाबतं. थोडं दाबलं तर कळतही नाही. फार दाबून वर छताच्याही पलीकडे ढकललं तर टोकं सपाट कापली जातात आणि कान त्याला चरचर म्हणून ओळखतो. एकच गाणं दोन वेळा ऐकवलं तर किंचित मोठ्या आवाजातलं आपल्याला जास्त चांगलं वाटतं. त्यामुळे आपली सीडी दुसऱ्याच्या सीडीपेक्षा हळू वाजू नये या भीतीने नव्वदच्या दशकापासून प्रत्येक कंपनी आवाज चढवत आली आहे.

हळू-मोठ्याचा हा फरक का हवा, ते ढोल-ताशातून कळतं. परवा, रविवारी, अनंत चतुर्दशी आहे. पुण्यात लक्ष्मी रोडवर पथक क्षणभर थांबेल, ताशाची तर्री एकटी वाजेल आणि मग सगळे ढोल एका टोल्यात पडतील तेव्हा छातीत धस्स होईल. ती तर्रीही ढोलांइतकीच मोठी केली तर कानठळ्या बसतील, धस्स होणार नाही. रॉकचं, मेटलचंही तसंच आहे. या अल्बमची सुरुवात ठोक्यांच्या हळू आवाजाने होते ती पुढचा हल्ला मोठा वाटावा म्हणूनच. वाजवणाऱ्यांनी ते जाणून केलंय. नंतरच्या कोणीतरी ते बुजवलं.

आता ती कोपऱ्यातली प्लास्टिकची गिटार घ्या. मानेवर पाच रंगीत बटणं आहेत, हिरवं, लाल, पिवळं, निळं, नारिंगी. ‘गिटार हीरो 3’ या खेळासाठी अख्खा अल्बम आजच विक्रीला आला आहे. मित्र तो उतरवून घेतो. पडद्यावर रस्ता धावत येतो, रंगीत खुणा तुमच्याकडे सरकतात, तुम्ही बटण दाबून पट्टी हलवता. पहिल्याच मिनिटात तुम्ही चार खुणा चुकवता आणि दर चुकीला गिटार गप्प होते, बाकी बँड वाजत राहतो.

पाचव्या चुकीला तुम्ही खेळ थांबवता. चुकलात म्हणून नव्हे. स्नेअर ऐकू आला म्हणून.

तोच ठोका, तेच गाणं. पण इथे तो लाकडावर काठी पडल्यासारखा स्वच्छ येतो, त्याच्या मागे झांजेची किणकिण हवेत रेंगाळते, बेसची तार वेगळी कळते. मित्र म्हणतो, “हा खेळ सीडीपेक्षा चांगला वाजतोय.” दोघं एकमेकांकडे बघता. कारण सरळ आहे. चूक झाली की फक्त गिटार बंद करायची असेल, तर खेळ बनवणाऱ्यांना गिटार, बेस, ड्रम्स वेगवेगळे द्यावे लागतात. म्हणजे शेवटी सगळं एकत्र करून दाबण्याच्या आधीचा आवाज त्यांच्या हाती गेला. ज्यांनी सीडीचे पैसे मोजले त्यांना फाटका आवाज, आणि टीव्हीसमोर बटणं दाबणाऱ्यांना धड आवाज.

रात्री कोणीतरी दोन्ही आवाज संगणकात भरतो आणि लहरी शेजारीशेजारी मांडतो. तुम्ही त्याच्या खांद्यावरून बघा. खेळातल्या लहरीत उंच टोकं आहेत, मध्ये दऱ्या आहेत. सीडीची लहर म्हणजे वरून-खालून तासलेला एक जाड पट्टा. जवळ जा, आणखी जवळ, एकेका ठोक्यापर्यंत. टोकाच्या जागी सपाटी आहे. सीडी खेळातल्या आवाजापेक्षा सुमारे 10 डेसिबलने मोठी आहे, असं मास्टरिंगचं, म्हणजे अल्बमच्या आवाजावर शेवटचा हात फिरवण्याचं, काम करणारे लोक मोजून सांगतात. 10 डेसिबल म्हणजे कानाला जवळजवळ दुप्पट.

सोमवारी संध्याकाळी बँडला प्रत्यक्ष ऐकायला ज्युबिली लाइनने नॉर्थ ग्रीनिचकडे निघा. तारीख 15 सप्टेंबर. डब्यात काळ्या टी-शर्टवाले भरलेले आहेत. एक स्टेशन आधी, कॅनरी वॉर्फला, दार उघडतं. आज सकाळी लेहमन ब्रदर्स या अमेरिकी बँकेने दिवाळखोरी जाहीर केली आहे आणि त्यांचं लंडनचं ऑफिस इथे वरच आहे. दिवसभर तिथून माणसं पुठ्ठ्याच्या खोक्यांत आपलं सामान भरून बाहेर पडली आहेत. टी-शर्टवाल्यांचा गलका थोडा वेळ उतरतो. दार बंद होतं. पुढच्या स्टेशनवर तुम्ही उतरता, ओटू या सभागृहाच्या पांढऱ्या घुमटाकडे चालू लागता.

शुक्रवारी बर्लिन आणि आज लंडन, अल्बमच्या स्वागताचे हे दोन कार्यक्रम, तिकीट नाममात्र. आत वीस हजार माणसं मावतात. ध्वनी सांभाळायला मिक ह्यूज आहे, ज्याला सगळे ‘बिग मिक’ म्हणतात. 1984 पासून मेटॅलिकाचा मंचावरचा आवाज त्याच्याच हातात आहे. नवी गाणी सुरू होतात आणि तुम्ही डोळे मिटून ड्रम्स शोधता. सापडतात. बेस ड्रम पोटात लागतो, स्नेअर कपाळावर. शेजारचा मुलगा नव्या गाण्याचे शब्द घसा फोडून म्हणतोय, अल्बम येऊन तीन दिवसच झालेत. ही गाणी चांगली आहेत यात आता शंका उरत नाही.

माझ्या मते सगळ्या प्रकरणाचं मर्म इथेच आहे. पुढच्या आठवड्यांत जी तक्रार उठली तिला काहींनी रडगाणं म्हटलं, चाहत्यांना कशानेच समाधान नसतं असं म्हटलं. 2003 मध्ये लोक रागावले आणि बरेचसे निघून गेले. 2008 मध्ये ते गेले नाहीत. गाणी आवडली होती, म्हणून ती नीट ऐकू यावीत असा हट्ट होता. न आवडलेल्या अल्बमची लहर मोठी करून कोणी बघत बसत नाही.

आणि या बँडचे श्रोते असे कान देऊन ऐकत आलेच आहेत. 1986 मध्ये स्वीडनमध्ये बस उलटून बेस वाजवणारा क्लिफ बर्टन गेला. त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड आला आणि 1988 च्या ‘अँड जस्टिस फॉर ऑल’वर त्याचा बेस जवळजवळ ऐकूच येत नाही. चाहते ते वीस वर्षांत विसरले नाहीत.

सप्टेंबर उलटता उलटता हजारो सह्यांचं निवेदन तयार होतं. अल्बम पुन्हा मिक्स करा, म्हणजे वाद्यांचे आवाज नव्याने एकत्र बसवा, पुन्हा मास्टर करा, आम्ही परत विकत घेऊ. तुमचीही सही त्यात आहे. न्यूयॉर्कच्या स्टर्लिंग साउंडमध्ये ज्याने मास्टरिंग केलं, त्या टेड जेन्सनला एक चाहता पत्र लिहितो. जेन्सन उत्तर देतो की मिक्स माझ्याकडे आले तेव्हाच चेपलेले होते, तुमची भावना मला पटते आणि या कामाशी नाव जोडलं गेल्याचा मला अभिमान नाही. या धंद्यात अशी प्रांजळ कबुली क्वचित मिळते. 25 तारखेला वॉल स्ट्रीट जर्नलपर्यंत विषय पोहोचतो, तोही लेहमनच्या धुरळ्यात. बँडच्या बाजूने उत्तर येतं की बहुतेकांना अल्बम आवडलाय. लार्स म्हणतो की मी गाडीत ऐकतो आणि मला जबरदस्त वाटतो.

त्याचं खोटं नव्हतं. धावत्या गाडीत टायरच्या घरघरीवर मात करायला सपाट, मोठा आवाज बरा पडतो. तुमच्याच ओळखीतले कितीतरी जण म्हणतात, मेटल आहे, फाटणारच. अमेरिकेत तीन दिवसांत सुमारे 4 लाख 90 हजार प्रती खपल्या, तिथे आणि ब्रिटनमध्ये अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला. ज्यांना हा आवाज चालतो त्यांच्या म्हणण्याला मी मान देतो, पण मला ते पटत नाही. फाटका आवाज गिटारच्या अँप्लिफायरमधून काढला तर तो वाजवणाऱ्याने निवडलेला असतो. ड्रमच्या ठोक्याला सीडीच्या छताने फाडलं, ती निवड लार्सच्या हातांनी केली नव्हती.

याच लार्सने, फ्रान्समधल्या एका दुकानाने दहा दिवस आधीच सीडी विकायला काढली आणि अल्बम फुटला, तेव्हा फारसं मनावर घेतलं नव्हतं. काळ बदलला आहे हे त्याने स्वीकारलं होतं. आता त्याचेच चाहते, सीडीचे पैसे भरून झालेले, खेळातून काढलेला आवाज एकमेकांना पाठवताहेत. आठ वर्षांपूर्वी ज्याच्यासाठी नावांच्या याद्या निघाल्या, तेच ते आता करताहेत. फक्त आता ते गाण्याची बाजू घेऊन करताहेत.

पुढची वर्षं झरझर जाऊ द्या. फेब्रुवारी 2009 मध्ये ग्रॅमी मिळतात, एक ‘माय अपॉकलिप्स’ला आणि एक त्या भोक पाडलेल्या पुस्तिकेच्या वेष्टनाला. रुबिन वर्षाचा सर्वोत्तम निर्माता ठरतो. एप्रिलमध्ये क्लीव्हलंडला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये बँडचा समावेश होतो. 30 ऑक्टोबर 2011 ला ते बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर येतात. दोन दिवस आधीचा गुडगावचा कार्यक्रम ऐनवेळी रद्द झालाय, त्यामुळे पुण्या-मुंबईहून रात्रभर बसने आलेली पोरं दिवे लागेपर्यंत धास्तावलेली आहेत. मग दिवे लागतात. आणि सीडीवर ज्यांनी चरचर ऐकली, त्यांनाही ड्रम्स अखेर कळतात.

2015 मध्ये आयट्यून्ससाठी अल्बमची नवी फाइल येते, कमी दाबलेली. तुम्ही पुन्हा तोच अल्बम विकत घेता आणि थेट चौथ्या गाण्याच्या शेवटाकडे जाता. सुधारलंय. दरम्यान स्ट्रीमिंग कंपन्या सगळ्या गाण्यांचा आवाज एका पातळीवर आणून वाजवू लागतात, म्हणजे मोठ्या सीडीला खाली ओढलं जातं आणि जो फायदा मिळवायला ठोके कापले, तो फायदाच उरत नाही.

आता आजच्या काळात या. बँड आपले जुने अल्बम क्रमाने पुन्हा मास्टर करून काढतो आहे. 2018 मध्ये ‘अँड जस्टिस फॉर ऑल’ची पाळी आली तेव्हा सगळ्यांनी आधी न्यूस्टेडचा बेस शोधला. तो तिथेच होता, जवळजवळ न ऐकू येणारा, कारण मूळ मिक्सला हात लावायचा नाही असं ठरलं होतं. 2025 मध्ये ‘लोड’ आला. त्यानंतर ‘रीलोड’, मग ‘सेंट अँगर’, आणि क्रम असाच राहिला तर मग ‘डेथ मॅग्नेटिक’. या एका अल्बमला नुसतं नव्याने मास्टर करून भागणार नाही, कारण चेपलेलं आहे ते मिक्सच. वेगवेगळ्या वाद्यांचे मूळ आवाज उघडून मिक्स पहिल्यापासून करावं लागेल. ते आवाज शाबूत होते हे पाच रंगीत बटणांच्या त्या खेळाने दाखवून दिलं आहे, आणि ग्रेग फिडेलमन, ज्याने 2008 मध्ये मिक्सिंग केलं, तो नंतरही बँडसोबत काम करत राहिला. चाहत्यांनी मागणी अजून मागे घेतलेली नाही. माझीही त्यात सही आहे असं समजा.